डोडो पक्ष्याच्या नाशाचा कर्ता कोण?
(मॉरिशस बेटाच्या इतिहाससाधनांची छाननी)

१. प्रास्ताविक

शाळेंत इतिहास व भूगोल शिकवीत असतांना मॉरिशस बेटाचें प्रकरण आलें कीं आम्ही मुलांस एक ठरीव वाक्य सांगत असूं. या बेटावर डोडो नांवाचा एक बोजड व मूर्ख पक्षी होता. डच खलाशांनीं तो मारून खाल्ला आणि संपविला. वाक्य लहान, मुलांच्या लक्षांत राहण्याजोगें, आणि दोष कोणाचा हेंही त्यांत स्पष्ट. तीस वर्षांच्या नोकरींत तें किती वर्गांस ऐकविलें याची गणती नाहीं. निवृत्तीनंतर मूळ प्रवासवृत्तांत, हाडांचे अहवाल आणि अलीकडील संशोधकांचे निबंध सवडीनें वाचतां आले, तेव्हां ध्यानांत आलें कीं त्या एका वाक्यांत तीन निरनिराळीं विधानें आहेत. पक्षी बोजड व मूर्ख होता हें पहिलें, डचांनीं तो मारून खाल्ला हें दुसरें, आणि खाल्ल्यामुळें तो संपला हें तिसरें. यांपैकीं पहिलें चुकीचें, दुसरें खरें पण अपुरें, आणि तिसरें साधनांवरून सिद्ध होत नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे आमच्या हातून झालेल्या त्या चुकीचें परिमार्जन समजावें.

पक्ष्यांची चर्चा प्राणिशास्त्रज्ञांनीं करावी, इतिहासाच्या पानांत तिचें काय काम, असा आक्षेप येणें स्वाभाविक आहे. परंतु डोडो आज जिवंत नाहीं. त्याच्याविषयीं जें कळतें तें जहाजांच्या रोजनिशा, प्रवाशांचे वृत्तांत, चित्रें आणि मातींतून निघालेलीं हाडें यांवरूनच कळतें. म्हणजे साधनांची जात आपल्या ओळखीचीच आहे. अस्सल पत्र कोणतें, मागाहून रचलेली बखर कोणती, साक्षीदार समक्ष होता कीं ऐकीव सांगतो, हे जे प्रश्न मराठ्यांच्या इतिहासाचे कागद वाचतांना विचारावे लागतात, तेच येथेंही विचारावे लागतात. शिवाय या पक्ष्याची एक महत्त्वाची साक्ष सुरतेंत व मोंगल दरबारांत नोंदली गेली आहे. तेव्हां हा विषय आपल्यास अगदींच परका नव्हे.

२. डच वृत्तांतांची साक्ष

मॉरिशस हें मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरांतील ज्वालामुखीजन्य बेट असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर आहे. कोणत्याही खंडाशीं तें कधीं जोडलेलें नव्हतें. त्यामुळें वटवाघुळें वगळतां एकही सस्तन प्राणी तेथें स्वतः होऊन पोहोंचला नव्हता. मोठीं कासवें, सरडे आणि पक्षी एवढीच तेथील वस्ती. जमिनीवर शत्रू नसल्यानें कांहीं पक्ष्यांचे पंख पिढ्यानुपिढ्या खुजे होत गेले व ते भूचर बनले. डोडो हा त्यांतील सर्वांत मोठा. अरब नावाडी व त्यांच्या मागून पोर्तुगीज यांस हें बेट ठाऊक होतें. पण त्यांनीं तेथें वसाहत केली नाहीं.

इ. स. १५९८ च्या सप्टेंबरांत डचांच्या एका आरमारापैकीं पांच जहाजें विब्रांट फान वारवाइक याच्या हुकमतीखालीं येथें लागलीं. आरमाराचा मुख्य याकोब फान नेक हा वादळांत ताटातूट होऊन पुढें गेला होता. डचांनीं आपला राजपुत्र मॉरिस याचें नांव बेटास दिलें. या सफरीच्या वृत्तांतांत डोडोचा पहिला निश्चित उल्लेख येतो, आणि तो मननीय आहे. खलाशांनीं त्याला “किळसवाणा पक्षी” अशा अर्थाचें नांव ठेविलें. कारण असें देतात कीं त्याचें मांस जितकें जास्त शिजवावें तितकें चिवट होई. पोटाचा व छातीचा भाग तेवढा बरा लागे. पारवे व पोपट मात्र हवे तितके मिळत आणि ते रुचकर असत. म्हणजे ज्यानें डोडो आवडीनें खाऊन संपविला असें आपण म्हणतों, तोच साक्षीदार पहिल्याच जबानींत त्याच्या चवीविषयीं तक्रार करतो.

तथापि या एका वाक्यावर विसंबून डचांस निर्दोष ठरविणें हाही पक्षपात होईल. विलेम फान वेस्ट-झानेन याची १६०२ सालची सफर पुढें १६४८ सालीं छापली गेली. तींत खलाशांनीं डोडो मारून जहाजावर नेल्याचें स्पष्ट लिहिलें आहे. तीनचार पक्ष्यांत सर्वांचें जेवण भागे, अशी नोंद आहे. लांबच्या प्रवासांत खारवलेल्या मांसाला विटलेल्या माणसांना ताजें मांस मिळालें म्हणजे चवीचा विधिनिषेध कितीसा राहणार? तेव्हां शिकार झाली हें निर्विवाद. प्रश्न इतकाच कीं, जातीचा समूळ उच्छेद होण्यास ती पुरेशी होती काय?

बोजडपणाचा व मूर्खपणाचा आरोप येथेंच निकालांत काढूं. युरोपांतील प्रसिद्ध चित्रें, विशेषतः रूलांट साव्हेरी याचीं, गरगरीत लठ्ठ डोडो दाखवितात. पिंजऱ्यांत पोसलेला पक्षी किंवा बेढब भरलेलें कातडें पाहून तीं काढलीं असावींत, असें आतां मानतात. प्रत्यक्ष बेटावर १६०१ ते १६०३ च्या सफरींत काढलेल्या रेखाटनांतील डोडो पुष्कळच सडपातळ आहे, आणि हाडांवरून केलेलीं मापेंही त्यालाच पुष्टि देतात. मेंदूच्या पोकळीचें माप २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. देहाच्या मानानें मेंदू इतर पारव्यांइतकाच निघाला. माणसाला पाहून तो पळाला नाहीं यास मूर्खपणा म्हणावयाचें, तर ज्या गांवांत कधीं चोरी झाली नाहीं त्या गांवच्या उघड्या दारांसही मूर्खपणाच म्हणावें लागेल.

३. सुरतेची साक्ष

आतां आपल्या बाजूच्या साधनांकडे वळूं. पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर १६२८ ते १६३४ या काळांत हिंदुस्थानांत होता. आपण सुरतेस दोन डोडो पाहिल्याचें त्यानें आपल्या वृत्तांतांत नमूद केलें आहे. मंडी हा बारीक नजरेचा व नोंदींत काटेकोर असा प्रवासी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची जबानी बाजूस सारतां येत नाहीं.

तिला दुजोरा देणारें एक चित्र रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें जपलेलें आहे. विद्वानांच्या नजरेस तें १९५० नंतरच्या दशकांत आलें. त्यांत मध्यभागीं डोडो असून भोंवतीं लहान हिरवा पोपट, हिमालयांतील शिंगाळ्या तितरासारखा पक्षी, राजहंस इत्यादि हिंदी पक्षी रेखाटले आहेत. चित्रावर सही नाहीं; पण शैलीवरून तें जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मनसूर याचें मानतात. “नादिर-उल्-अस्र” ही पदवी मिळविलेला हा चितारी पशुपक्ष्यांच्या चित्रणांत अद्वितीय होता. भोंवतालचे पक्षी इतके बिनचूक आहेत कीं प्रत्येकाची जात आज ओळखतां येते. ज्या हातानें ओळखीचे पक्षी असे यथातथ्य काढले, त्यानें अनोळखी पक्षीही तितकाच यथातथ्य काढला असेल, हें अनुमान रास्त होय. म्हणून डोडोचा रंग व ठेवण यांसंबंधीं हें चित्र युरोपीय चित्रांहून अधिक विश्वसनीय समजलें जातें.

परदेशी प्राण्यांचें जहांगिरास मोठें वेड होतें. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून आणलेल्या टर्की कोंबड्याचें वर्णन बादशहानें स्वतः लिहून ठेविलें आहे व त्याचें चित्रही काढविलें. या हकीकतींतील मुद्दा असा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंदी महासागरांतील जहाजें मिरीं व कापड यांच्या जोडीला जिवंत जनावरेंही एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर सर्रास नेत होतीं. डोडो सुरतेस आला तो याच रहदारींतून. तो राजदरबारीं आला म्हणून त्याचें चित्र निघालें. परंतु त्याच जहाजांतून उलट दिशेनें मॉरिशसला जें उतरलें त्याचें चित्र कोणीं काढलें नाहीं. आणि आमच्या समजुतीप्रमाणें खरी हकीकत तेथेंच आहे.

४. हाडांची साक्ष

डोडो नाहींसा झाल्यावर युरोपांत त्याचें जवळ जवळ कांहींच उरलें नाहीं. ऑक्सफर्डच्या संग्रहालयांतील भरलेला पक्षी कुजल्यामुळें १७५५ च्या सुमारास काढून टाकण्यांत आला. मस्तक व एक पाय तेवढे राहिले. पुढें तर असा पक्षी खरोखर होता कीं खलाशांची ती कल्पना, अशीही शंका घेतली जाऊं लागली. १८४८ सालीं स्ट्रिकलंड व मेलव्हिल या दोघांनीं सर्व वृत्तांत व अवशेष एकत्र करून ग्रंथ लिहिला आणि डोडो हा पारव्यांच्या कुळांतला असल्याचें दाखविलें.

मातींतला पुरावा १८६५ सालीं हातीं आला, आणि तो मिळविणारा गृहस्थ आमच्याच धंद्यांतला होता, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. जॉर्ज क्लार्क हे मॉरिशसमधील माहेबूर गांवीं शाळामास्तर होते. आगगाडीच्या रस्त्यावरील हिगिन्सन नांवाच्या इंजिनिअरास मार-ओ-सोंझ नांवाच्या दलदलींत कुली काम करीत असतांना हाडांचे ढीग घालतांना दिसले, व ती बातमी त्यानें क्लार्क यांस दिली. क्लार्कनीं माणसें दलदलीच्या मध्यभागीं उतरविलीं. गढूळ पाण्याखालच्या चिखलांत अनवाणी पायांनीं चांचपून त्या माणसांनीं डोडोचीं हाडें वर काढलीं. १८३४ पासून मुदतबंदीच्या कराराखालीं हिंदुस्थानांतून मजूर या बेटावर येऊं लागले होते, आणि त्यांत मुंबई इलाख्यांतले, रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. १८६५ च्या सुमारास बेटावरचें असलें अंगमेहनतीचें काम बहुतांशीं हिंदी मजुरांच्याच माथीं असे. चिखलांतले ते पाय त्यांचेच असण्याचा संभव फार आहे. शोधाचें श्रेय मास्तरांस व वर्णनाचें श्रेय लंडनच्या रिचर्ड ओवेनला मिळालें. पायांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

याच दलदलींत २००५ पासून पुन्हां पद्धतशीर खोदकाम झालें. तेथील हाडांचा मुख्य थर सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचा ठरला असून तो घोर अवर्षणाच्या काळांत सांचला असावा असें दिसतें. यावरून मोठी गोष्ट सिद्ध होते. डोडोनें दुष्काळ सोसले, वादळें सोसलीं, ज्वालामुखीच्या बेटावर येणारे सगळे प्रसंग सोसले, आणि तरी तो १५९८ पर्यंत नांदत होता. निसर्गाच्या कोपानें तो मेला असें आतां म्हणतां येत नाहीं. हजारों वर्षांत जें घडलें नाहीं तें शंभर वर्षांच्या आंत घडलें.

५. दिवसा न जेवणारा देवदत्त

मीमांसकांनीं अर्थापत्ति नांवाचें एक प्रमाण मानिलें आहे. त्याचें ठरलेलें उदाहरण असें कीं, देवदत्त दिवसा जेवत नाहीं व तरीही तो लठ्ठ आहे. या दोन गोष्टींचा मेळ बसावयाचा तर तो रात्रीं जेवतो असें मानल्यावांचून गति नाहीं. डोडोच्या प्रकरणांत हेंच प्रमाण लावून पाहूं.

डचांची पहिली वसाहत १६३८ सालीं कॉर्नेलिस गोयर यानें केली. त्याच्याबरोबर अवघीं २५ माणसें होतीं. ती १६५८ सालीं उठली, १६६४ सालीं पुन्हां बसली, व १७१० सालीं कायमची सोडली गेली. एवढ्या काळांत वस्ती कधीं कांहीं शेंकड्यांपलीकडे गेली नाहीं, आणि ती मुख्यत्वें किनाऱ्यालगत होती. आंतला प्रदेश घनदाट अरण्याचा, वाटा नसलेला. शिवाय या किल्ल्याच्या आवारांत झालेल्या खोदकामांत सतराव्या शतकाच्या अखेरचा जो उकिरडा मिळाला, त्यांत गुरें, डुकरें, हरणें, कासवें, मासे व उंदीर यांचीं हाडें आहेत; डोडोचें एकही नाहीं. माणसें इतकीं थोडीं, त्यांचा वावर किनाऱ्यावर, त्यांच्या उकिरड्यांत डोडो नाहीं, आणि तरी साऱ्या अरण्यांतून डोडो नाहींसा झाला. यांचा मेळ बसावयाचा तर अरण्यांत दुसरा कोणी खाणारा होता असें मानलेंच पाहिजे.

तो कोण, हें कागदांतच तुटक उल्लेखांत सांपडतें. १५९८ सालीं डचांस किनाऱ्यावर मेण व फुटक्या जहाजाचीं लाकडें मिळालीं होतीं. म्हणजे त्यांच्या आधीं येथें जहाज आपटलें होतें. अशा जहाजांतून उंदीर पोहून किनाऱ्यास लागतात हा सर्वत्रचा अनुभव आहे. १६०६ सालीं माटेलीफ येथें आला तेव्हां उंदीर व माकडें विपुल असल्याचें त्यास आढळलें. आणि पुढें येणाऱ्या जहाजांची सोय व्हावी म्हणून त्यानें शेळ्या व डुकरें सोडून दिलीं. हीं माकडें जावा बाजूच्या जातीचीं. १६३९ सालीं आद्रियान फान देर स्टेल यानें जावाहून हरणें आणविलीं. मागाहून कुत्रीं व मांजरेंही आलीं.

आतां डोडोचा संसार पाहावा. तो जमिनीवर घरटें करी व त्यांत एकच अंडें घाली, असें जुनें वर्णन आहे. ज्याच्या पूर्वजांनीं लाखों वर्षें चार पायांचा चोर पाहिला नाहीं त्याला अंडें लपविण्याची बुद्धि कोठून येणार? डुकराच्या मुसकटापुढें, माकडाच्या हातापुढें आणि उंदराच्या दातांपुढें तें अंडें उघडें पडलेलें. मोठा पक्षी मारला तर एक पक्षी कमी होतो. पण वर्षानुवर्षें अंडें व पिलूं वांचूं दिलें नाहीं तर म्हातारे पक्षी दिसत राहतात आणि जात मात्र आंतून संपलेली असते. किनाऱ्यावरच्या माणसास तें कळणारही नाहीं. यांत डुकरें व माकडें यांचा वाटा उंदरांपेक्षां मोठा असावा असें अनेक अभ्यासक मानतात, आणि तें सयुक्तिक दिसतें.

रात्रींच्या जेवणाराचें याहूनही उघड उदाहरण आपल्या काळांत घडलें. प्रशांत महासागरांतील ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालाबरोबर एक तपकिरी वृक्षसर्प येऊन उतरला. पुढील तीस-पस्तीस वर्षांत तेथील रानपाखरें एकामागून एक गप्प झालीं. रोग असावा, जंतुनाशक औषधें असावींत, असे तर्क पुष्कळ चालले. कारण हा सर्प निशाचर असल्यानें तो खातांना कोणाच्या दृष्टीस पडत नव्हता. ज्यूली सॅव्हिज या विदुषीनें १९८७ सालीं साधार दाखवून दिलें कीं हें कृत्य सर्पाचेंच. तोंपर्यंत बेटावरच्या बहुतेक जाती गेल्या होत्या.

उलट बाजूनें, एकच अपराधी हुडकण्याची हौस कशी फसविते याचें उदाहरण न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर मिळतें. १८९४ सालीं तेथें दीपगृह सुरू झालें आणि त्याच सुमारास एक चिमुकला, उडतां न येणारा पक्षी विद्वानांस प्रथम कळला व लागलीच नष्ट झाला. दीपगृहावरील एकाच मांजरीनें सारी जात मारली, ही गोष्ट पुढें शंभर वर्षें छापली गेली. २००४ सालीं मूळ कागद तपासले तेव्हां दिसलें कीं बेटावर अनेक मांजरें माजलीं होतीं. एकट्या मांजरीची कथा आणि एकट्या डच खलाशाची कथा या दोन्ही एकाच जातीच्या आहेत. गोष्ट सांगणाराला एक खलनायक पुरतो. इतिहासाला पुरत नाहीं.

६. अखेरचा डोडो केव्हां दिसला?

मरणाच्या तिथीविषयींही साधनें तपासून घेतलीं पाहिजेत. १६६२ सालीं आर्नेम नांवाचें डच जहाज फुटलें. त्यांतून वांचलेला फोल्कर्ट एव्हर्ट्स याची साक्ष आहे. ओहोटीस पायीं जातां येईल अशा किनाऱ्याजवळच्या एका लहान बेटावर त्यानें हे पक्षी पाहिले. एकाचा पाय धरला असतां तो ओरडला, आणि त्याच्या सुटकेसाठीं इतर पक्षी धांवून आले व पकडले गेले, असें तो सांगतो. ही साक्ष समक्ष पाहणाराची, वर्णनासहित व निःसंदिग्ध आहे. स्थळही बोलकें आहे. मुख्य बेटावर दुर्मिळ झालेला पक्षी शेवटीं डुकरांच्या व माकडांच्या वाटेबाहेरच्या तुकड्यावर टिकून राहिलेला दिसतो.

यानंतरचे उल्लेख मात्र निव्वळ नांवापुरते आहेत. १६७४ सालीं सायमन नांवाच्या पळून गेलेल्या व पुन्हां सांपडलेल्या गुलामाकडे चौकशी झाली. रानांतल्या आपल्या अनेक वर्षांच्या वास्तव्यांत डोडो दोनदांच दिसला असें त्यानें सांगितलें. पुढें कारभारी लामोटियस याच्या शिकारीच्या रोजनिशींत १६८८ पर्यंत हें नांव येतें. या नोंदी धरून दोन संशोधकांनीं गणितानें १६९० च्या सुमाराची तिथि काढली. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं डोडो दिसेनासा झाल्यावर त्याचें नांव तांबड्या पाणकोंबडीसारख्या दुसऱ्या भूचर पक्ष्यास लागूं लागलें. म्हणून वर्णनावांचूनचे उल्लेख ग्राह्य धरूं नयेत. नांव एकाचें व माणूस दुसरा, हा घोटाळा आपल्या कागदांत नित्याचा आहे. एका आडनांवाच्या दोन सरदारांच्या लढाया एकाच्याच पदरीं बांधल्याचीं उदाहरणें वाचकांस स्मरतीलच. आम्हांस दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो. १६६२ ही शेवटची निश्चित तिथि, आणि त्यापुढचीं कांहीं वर्षें संभाव्य, एवढेंच म्हणावें.

अभावाचें ज्ञान अनुपलब्धीनें होतें, परंतु ती योग्य अनुपलब्धि असावी लागते, असें शास्त्रकार सांगतात. जमिनीवर घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिति असेल तरच न दिसण्यावरून घट नाहीं म्हणतां येतें. फ्रांस्वा लेगा हा फ्रेंच निर्वासित १६९३ नंतर कांहीं वर्षें मॉरिशसवर होता. प्राण्यांविषयीं तो बारकाईनें लिहितो आणि डोडोविषयीं मौन पाळतो. शेजारच्या रॉड्रिग्स बेटावरील डोडोचा सगोत्र, “एकांतवासी” म्हणून ओळखला जाणारा पक्षी, त्यानें इतका तपशीलवार वर्णिला कीं पुष्कळांनीं तें सारें बनावट मानलें. त्याच्या पंखाच्या हाडावर बंदुकीच्या गोळीएवढी गांठ असते हेंही त्यानें लिहून ठेविलें. पुढें हाडें निघालीं, तेव्हां ती गांठ जागच्या जागीं सांपडली. असा साक्षीदार ज्या बेटावर डोडो पाहत नाहीं, त्या बेटावर डोडो उरला नव्हता असें खुशाल समजावें. रॉड्रिग्सचा तो पक्षीही पुढल्या शतकांत त्याच वाटेनें गेला.

एक पुरावा आमच्या प्रतिपादनाविरुद्ध जाणारा आहे, तो लपवून ठेवणें योग्य नव्हे. ऑक्सफर्डचें तें जुनें मस्तक २०१८ सालीं सूक्ष्म किरणांनीं तपासलें असतां कवटीच्या मागच्या भागांत शिशाचे छर्रे आढळले. म्हणजे जगांतला हा सर्वांत प्रसिद्ध डोडो मात्र माणसाच्या बंदुकीनेंच मेला. माणसानें डोडो मारला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तेवढ्यानें जात गेली नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

७. साळुंकी, मुंगूस आणि आपण

हें सर्व डचांचें व फ्रेंचांचें कर्म, आपला त्यांत काय संबंध, असें वाचकांस वाटेल. त्यांनीं पुढील नोंदी पाहाव्यात. टोळांचा नाश व्हावा म्हणून १७६२ च्या सुमारास हिंदुस्थानांतून साळुंक्या मॉरिशसला नेऊन सोडल्या. आज त्या तेथें घरोघर दिसतात, व झाडांच्या ढोलींसाठीं तेथल्या मूळ पक्ष्यांशीं भांडतात. आपला लाल गालाचा बुलबुल तेथें १८९२ सालीं गेला. आपला हिरवा पोपट तेथें फैलावून तेथल्या एकमेव मूळ पोपटाचा प्रतिस्पर्धी झाला. उंदरांवर उपाय म्हणून १९०० च्या सुमारास आपलें मुंगूस नेलें. त्यानें उंदरांबरोबर पांखरेंही धरलीं. कलकत्त्याहून १८७२ सालीं जमैकास नेलेल्या नऊ मुंगसांची प्रजा १८८३ सालीं हवाई बेटांवर पोहोंचली, आणि तेथेंही हाच प्रकार झाला. पंचतंत्रांत सापापासून तान्हें मूल वांचविणारें मुंगूस आपण लहानपणापासून ओळखतों. त्यांत त्या बापड्या प्राण्याचा दोष कांहींच नाहीं. आपल्या ठिकाणीं तें गुणीच आहे. ज्या बेटानें तें कधीं पाहिलें नव्हतें तेथें त्याला नेणाराचा तो दोष.

इ. स. १५०० नंतर जगांतून नाहींशा झालेल्या पक्षिजातींपैकीं दहांत सुमारें नऊ बेटांवरच्या होत्या. मॉरिशसचा रुंद चोंचीचा पोपट, तांबडी पाणकोंबडी, निळा पारवा हे सर्व गेले. परंतु हा इतिहास सर्वस्वीं नाशाचाच नाहीं. मॉरिशसचा ससाणा १९७४ सालीं रानांत अवघे चार उरले होते. गुलाबी पारवा १९९० च्या सुमारास दहाबारांवर आला होता. कार्ल जोन्स व त्यांचे सहकारी यांनीं अंडीं उबवून, पिलें वाढवून, शिकारी प्राणी दूर ठेवून या जाती शेंकड्यांवर नेल्या. एग्रेट्स नांवाच्या किनाऱ्याजवळच्या लहान बेटावरून उंदीर समूळ काढले, आणि तेथें मूळ पक्षी पुन्हां नांदूं लागले. राउंड बेटावरून शेळ्या व ससे काढले, तेव्हां उघड्या पडलेल्या जमिनीवर झाडोरा परत आला. औषध लागू पडलें यावरून रोगाचें निदानही पडताळून मिळतें. जेथें बाहेरचा प्राणी काढला तेथें मूळचा पक्षी तगला, हा आमच्या प्रतिपादनाचा शेवटचा व सर्वांत प्रत्यक्ष पुरावा होय.

आणखी एक नातें सांगून लेख आटोपतों. २००२ सालीं ऑक्सफर्डच्या अवशेषांतील अनुवंशद्रव्य तपासलें गेलें, तेव्हां डोडोचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा आप्त म्हणून निकोबारचा पारवा निघाला. तो आपल्याच राज्यांत, निकोबारच्या बेटांवर, अजून आहे. त्याला चांगलें उडतां येतें. पण त्याचीं घरटीं लहान बेटांवर असतात, आणि उंदीर व मांजर यांना तेथें जावयास आपल्याच नौका लागतात. मॉरिशसच्या किनाऱ्यावर कोणत्या जहाजांतून पहिला उंदीर उतरला हें कोणीं लिहिलें नाहीं, कारण तें लिहिण्याजोगें आहे असें कोणास वाटलें नाहीं. निकोबारच्या धक्क्यावर काय उतरतें हें तरी लिहिलें जावें, व उतरण्यापूर्वींच तपासलें जावें.

आमच्या जुन्या वाक्याकडे शेवटीं पुन्हां येतों. व्याकरणांत क्रिया स्वतः करणारा तो कर्ता, आणि दुसऱ्याकडून करविणारा तो प्रयोजक. डोडो कांहीं अंशीं माणसानें मारला, पुष्कळ अंशीं मारविला. तोही जाणून नव्हे, तर पुढच्या जहाजाच्या जेवणाची सोय पाहतां पाहतां. आज वर्गांत उभे राहण्याचा प्रसंग आला तर आम्ही मुलांस तेंच वाक्य क्रियापद बदलून सांगूं, आणि सकर्मकाहून प्रयोजक रूप कोणत्या अर्थानें निराळें, हें समजावण्यास याहून चांगलें उदाहरण शोधावें लागणार नाहीं. इत्यलम्.